कोरड्या पायऱ्या

एका पत्राचं उत्तर मी दिलं नाही. तसं बघायला गेलं तर आयुष्यात बऱ्याच पत्रांची उत्तरं राहिली असतील. पण बाकीची आठवत नाहीत आणि हे मात्र पाठ आहे.

विजयमाला वहिनींचं ते पत्र १९७७ च्या जूनमध्ये आलं. निळं आंतरदेशीय होतं आणि पत्त्यात माझ्या नावापुढे 'बी. एस्सी.' असं लिहिलेलं होतं. निकाल अजून लागायचा होता, पण वहिनींनी मला आधीच पास करून टाकलं होतं. पत्रात त्यांनी दोनच गोष्टी विचारल्या होत्या. दोन्हींची उत्तरं एका पोस्टकार्डावर मावली असती.

पत्र कशाबद्दल होतं हे सांगायचं तर आधी आमच्या विषयाबद्दल सांगावं लागेल.

त्याच्या आदल्या वर्षी सांगलीत विश्रामबागेतल्या आमच्या कॉलेजात बी. एस्सी.च्या शेवटच्या वर्गाला एक नवा ऐच्छिक विषय सुरू झाला होता, पर्यावरण. तेव्हा हा शब्द कुणी रोजच्या बोलण्यात वापरत नसे. आमच्या घरमालकांना मी विषयाचं नाव सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, "म्हणजे पाऊस कधी पडणार ते सांगता येईल का?" साताऱ्याहून वडिलांनी पत्रात लिहिलं, 'सदर विषय पास होण्याजोगा आहे ना, ते पाहून घ्यावे.' आम्ही सात जणांनी तो घेतला. मी का घेतला? खरं सांगायचं तर त्या विषयाला अजून पुस्तक नव्हतं आणि पुस्तक नसलेला विषय कसा शिकवतात याची मला उत्सुकता होती. तोवर मी जे काही शिकलो होतो ते सगळं पुस्तकातूनच.

पहिल्या तासाला आरवाडे सरांनी टेबलावर पाण्याचा एक पेला ठेवला.

"हे पाणी इथं येण्याआधी कुठं होतं?"

"नळात, सर."

"त्याच्या आधी?"

टाकीत. त्याच्या आधी नदीत. नदीच्या आधी ओढ्यात, ओढ्याच्या आधी कुणाच्या तरी रानात. पाऊण तास आम्ही असे मागेमागे जात राहिलो आणि शेवट काही सापडेना. घंटा झाली तेव्हा सर म्हणाले, "प्रत्येकानं या वर्षी एक गोष्ट मोजायची. कुठलीही. फक्त स्वतः मोजायची." आणि तो पेला पिऊन टाकून ते निघून गेले.

मला मोजायला काही सुचेना. मी शहरातला आणि लाजाळू. माझा सगळा वेळ वाचनालयात जायचा. खोलीत माझ्यासोबत मानसिंग राहायचा, कोरेगाव तालुक्यातला. माझ्या पुस्तकीपणावरून तो मला तेव्हापासूनच 'विष्णुपंत' म्हणत असे. तोच म्हणाला, "आवं विष्णुपंत, आमच्या हिरीत उतरा की. भावकीची हीर हाय, चार मोटा चालत्यात. मोजा काय मोजायचं ते."

तसं ठरलं. ऑक्टोबरपासून दर पंधरा दिवसांनी शनिवारी दुपारी आम्ही सांगलीहून रेल्वेनं कोरेगावला उतरायचो आणि तिथून चार मैल चालत मानसिंगच्या गावी जायचो. रविवारी दुपारी चारला मी विहिरीतली पाण्याची पातळी मोजायची आणि संध्याकाळच्या गाडीनं परत. मी एक लांब सुतळी घेतली होती आणि तिला दर फुटावर लाल रिबिनीचा तुकडा बांधला होता. टोकाला वजन हवं होतं म्हणून मानसिंगच्या आईंनी, शालूबाईंनी, खलातला बत्ता दिला.

"बत्ता हिरीत पडला, तर तुमच्या सरांस्नी म्हणावं खलासकट नवा द्या," त्या म्हणाल्या.

बत्ता पडला नाही. मी सुतळी हळूहळू सोडायचो. खाली काळोख असायचा, काही दिसायचं नाही. मग टप असा बारीक आवाज यायचा, की बत्ता पाण्याला टेकला. तो आवाज मला इतका आवडायचा की मी उगाच दोनदा-तीनदा मोजायचो. कुठल्याही पुस्तकात नसलेला एक आकडा त्या क्षणी जगात फक्त मला माहीत असायचा.

आकडे असे होते: ऑक्टोबरात काठापासून बारा फुटांवर पाणी, डिसेंबरात तेरा, जानेवारीत चौदा. म्हणजे पाणी जवळजवळ उतरतच नव्हतं. मानसिंगचे वडील हंबीरराव त्या वेळी इंजिन घ्यायचं म्हणत होते आणि ज्वारी-भुईमूग सोडून सगळ्या रानात ऊस लावायचं म्हणत होते. डिसेंबरात जेवायला बसलो असताना त्यांनी मला विचारलं, "काय म्हंतीया हीर? पाणी पुरंल का?"

मला कुणी काही विचारायची सवय नव्हती. मी म्हटलं, "भरपूर आहे. आणखी क्षेत्र भिजेल."

"ऐकलं का?" हंबीरराव स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणाले. "कॉलेज म्हणतंय पाणी हाय."

आतला भाकरी थापायचा आवाज थोडा वेळ थांबला.

आत विजयमाला वहिनी होत्या, मानसिंगच्या थोरल्या भावाची बायको. नवरा फौजेत होता. त्या तेवीस-चोवीस वर्षांच्या असतील. सातवी पास होत्या आणि घरात पत्र लिहायचं काम त्यांचंच असे. जानेवारीतल्या एका रविवारी मी विहिरीवर सुतळी सोडून बसलो होतो, मानसिंग बाजूला उन्हात लोळत होता, तेव्हा त्या कळशी घेऊन पायऱ्यांनी वर आल्या आणि थांबल्या.

"भावजी, एक इचारू का?"

"विचारा ना."

"तुमी दर टायमाला ऐतवारीच का येता?"

"रविवारी कॉलेजला सुट्टी असते."

"तुमच्या कॉलेजला सुट्टी, आन आमच्या हिरीलाबी सुट्टी," त्या म्हणाल्या. "मग तिचं दुखणं तुमाला कसं कळायचं?"

मला काहीच उमजलं नाही. त्यांनी कळशी काठावर टेकवली. "आज मोट चालतीया का, बगा की."

मी पाहिलं. चारही मोटा कोरड्या पडल्या होत्या. त्या गावात रविवार जोतिबाचा. त्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवायचं नाही हा गावाचा नेम होता. नांगर नाही, गाडी नाही, मोट नाही. ऑक्टोबरपासून दर खेपेला मी ओढ्यावर बैल धुताना पाहत होतो आणि माझ्या वहीत लिहिलं होतं, 'येथील लोक जनावरांची उत्तम स्वच्छता राखतात.'

मी मानसिंगकडे वळलो. "तुला माहीत होतं?"

"म्हाईत म्हंजे? ऐतवारी जू न्हाई, ह्यात म्हाईत असायचं काय?" तो उठून बसला. "तू कवा इचारलंस? तू पाणी मोजत हुतास, बैल न्हाई."

वहिनी हसल्या, पण माझ्या तोंडाकडे बघून लगेच थांबल्या. "एकदा बेस्तरवारी या," त्या म्हणाल्या. "सांच्याला."

त्या आठवड्यात गुरुवारचे तास बुडवून मी एकटाच गेलो. मनात अपराधीपणा वगैरे काही नव्हता, फक्त कुतूहल होतं. गाडीत सारखा हिशेब करत होतो, किती असेल? पंधरा? अठरा? पोचलो तेव्हा मोटा नुकत्याच थांबल्या होत्या आणि हंबीरराव कोरेगावला गेले होते. मी सुतळी सोडली. चौदावी रिबीन गेली, अठरावी गेली, विसावी गेली. मला वाटलं बत्त्याला लागतंय तेच कळत नाहीये. टप आवाज आला तेव्हा सत्तावीस फुटांना दोन इंच कमी होते.

"तेवीस," पाठीमागून वहिनी म्हणाल्या.

"सव्वीस फूट दहा इंच," मी म्हटलं.

"फूट मला कळत न्हाईत. पायऱ्या तेवीस. कोरड्या." त्यांनी विहिरीत बोट दाखवलं. "ऐतवारी बारा असत्यात. शनवारी सांच्याला पंचवीस. मग लोटाच बुडत न्हाई, कळशी काय."

मी खाली उतरून एका पायरीची उंची मोजली. चौदा इंच. तेवीस पायऱ्या म्हणजे तीनशे बावीस इंच, म्हणजे सव्वीस फूट दहा इंच. बारा पायऱ्या म्हणजे बरोबर चौदा फूट. मी तीनचार वेळा गुणाकार केला. माझी सुतळी, रिबिनी, रेल्वेची तिकिटं, आणि ही बाई डोक्यावर कळशी घेऊन तेच मोजत होती.

"तुमच्या लक्षात राहतं हे सगळं?"

"राहतंय कशाचं? लिवून ठिवती."

स्वयंपाकघरात दाराआड कॅलेंडर होतं. प्रत्येक चौकटीत वरच्या कोपऱ्यात दुधाचा आकडा आणि खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात पायऱ्यांचा. जुनं कॅलेंडर त्यांनी चुलीत घातलं नव्हतं, तेही काढून आणलं. गेल्या भाद्रपदापासून एकही दिवस सुटला नव्हता. मी पंधरवड्यातून एकदा मोजत होतो आणि तेही विहीर सुट्टीवर असताना. त्यांच्याकडे साडेचार महिन्यांचे रोजचे आकडे होते. रविवारी बारा, सोमवारी संध्याकाळी सोळा, मग अठरा, एकवीस, तेवीस, चोवीस, पंचवीस. परत बारा. आधीच्या महिन्यांत आकडे एकदोन पायऱ्यांनी कमी, पण आठवड्यामागून आठवडा चाल तीच. जणू विहीर सहा दिवस श्वास सोडत होती आणि एक दिवस घेत होती.

"का मोजता पण?" मी विचारलं.

त्या जरा लाजल्या. "आदी पाय दुखायचं म्हणून. कवा जास्त दुखत्यात बघावं म्हटलं. मग नाद लागला." मग थांबून म्हणाल्या, "भावजी, समदी म्हंत्यात ऐतवार बैलांचा. मला वाटतंय, तो हिरीचा असंल. बैलांचं नुसतं नाव."

त्यांच्या ओट्यावर बसून मी सगळे आकडे उतरवून घेतले. जाताना त्यांनी विचारलं, "मामंजींस्नी तुमी सांगताल न्हवं? म्या सांगितलं तर म्हंत्यात, पायऱ्या मोजून कुणी बागायत करतं व्हय." मी म्हटलं, सांगतो. पण हंबीरराव परतायच्या आत माझी गाडी होती आणि पुढे ते सांगणं राहून गेलं.

प्रकल्पाची वही मी मार्चमध्ये दिली. त्यात तक्ता क्रमांक चार होता, रोजच्या पातळीचा. त्याखाली मी लिहिलं, 'स्थानिक माहितीवरून.' आणि शेवटच्या परिच्छेदात लिहिलं की आठवड्यातून एक दिवस जू न लावण्याची रूढी ही जनावरांच्या विश्रांतीइतकीच विहिरीच्या पुनर्भरणाची व्यवस्था असावी, असे प्रस्तुत विद्यार्थ्यास वाटते.

प्रस्तुत विद्यार्थ्यास तसं वाटलं नव्हतं. त्याला ते एका ओट्यावर सांगितलं गेलं होतं.

असं का केलं, याची उत्तरं मी पुष्कळ शोधली. एक असं की घरातल्या सुनेनं पायऱ्या मोजल्या असं लिहिलं तर परीक्षक हसतील असं वाटलं. दुसरं जास्त खरं आहे. तो तक्ता आणि ते वाक्य काढलं, तर त्या वहीत माझं म्हणून चुकीच्या वाराला घेतलेले आकडे तेवढे उरत होते.

आरवाडे सरांनी वही वाचली आणि मला बोलावलं. ते खूश होते. "विषय शिकवून मी दमलो, पण विषय आहे काय ते मला आज कळलं," ते म्हणाले. मग तक्ता चारवर बोट ठेवलं. "हे रोजचे आकडे. कुणी घेतले?"

"गावातल्या लोकांनी, सर."

"नाव लिहायचं असतं रे." त्यांनी 'स्थानिक माहितीवरून' या शब्दांसमोर पेन्सिलनं समासात 'कोणाच्या?' असं लिहिलं आणि वही माझ्याकडे सरकवली. मी हो म्हटलं. वही पुढे परीक्षेला गेली, कोल्हापूरच्या एका सभेत सरांनी तक्ता चार फळ्यावर काढून दाखवला, लोकांनी माझी पाठ थोपटली. पेन्सिलचा प्रश्न तसाच राहिला.

आणि जूनमध्ये वहिनींचं पत्र आलं. त्यातलं महत्त्वाचं एवढंच होतं:

'वि. वि. मामंजींनी इंजिन ठरविले आहे. या सालात सगळा ऊस करणार. कॉलेजने पाणी आहे असे सांगितले म्हणतात. तरी तुम्ही कॉलेजच्या कागदावर दोन ओळी लिहून पाठवावे म्हणजे ऐकतील. दुसरे असे की, माझ्या पायऱ्या तुमच्या पुस्तकात आल्या का, व त्यात माझे नाव आहे का, ते कळवावे. ह्यांना पत्रात लिहावयाचे आहे. ते हसतात मला, बायको पायऱ्या मोजते म्हणून.'

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं होतं. पण ते लिहायला बसलो की दुसरा प्रश्न समोर यायचा. नाव नाही, हे कसं लिहायचं? आणि आहे, असं खोटं कसं लिहायचं? मी चार वेळा सुरुवात केली. मग वाटलं, आपण एकवीस वर्षांचे, हंबीररावांना शेती शिकवणारे आपण कोण? डिसेंबरात 'भरपूर आहे' म्हणताना ही शंका आली नव्हती, हेही तेव्हा जाणवलं. जून गेला. निकाल लागला, पहिला वर्ग मिळाला. जुलैत त्यांनी उसाची लागण केली असेल. त्यानंतर लिहिण्यात काय अर्थ, अशी मी स्वतःची समजूत घातली.

मानसिंग मला भेटला तो थेट १९७९ च्या दिवाळीत, साताऱ्याच्या स्टँडवर. मी तोवर हायस्कुलात विज्ञान शिकवायला लागलो होतो. तो गावी शेती बघत होता. चहा पिता पिता मी भीतभीत विहिरीचं विचारलं.

"आरं, लय गंमत झाली," तो म्हणाला. "आबांनी इंजिन आणलं. पयल्या साली ऊस लय जोरात. गाव म्हणालं ऐतवारी इंजिन बंद ठेवा. आबा म्हणालं, इंजिन काय बैल हाय व्हय, दमायला? जोतिबाला त्येचं काय! मग ऐतवारीबी धडधड सुरू. दुसऱ्या सालच्या उन्हाळ्यात हिरीचा तळ उघडा पडला, बघ. अर्धा ऊस वाळला. भुईमूगबी न्हाई, ज्वारीबी न्हाई."

"मग?" मी म्हटलं. चहा तसाच राहिला होता.

"मग वहिनी. दर ऐतवारी इंजिनाचं हँडल गायब! आबा सगळं घर हुडकायचं, शिव्या द्यायचं. सोमवारी सकाळी हँडल आपलं जाग्यावर. दोन महिनं हे चाललं. शेवटी आबाच दमलं. आता ऐतवारी इंजिन बंद आन ऊस निम्म्याच रानात." तो मोठ्यानं हसला. "हँडल पिठाच्या डब्यात असायचं रं गड्या! आईला म्हाईत हुतं."

मी हसलो. मग त्यानं विचारलं, "तुला वहिनीचं पत्र आलं हुतं न्हवं? म्हणली हुती एकदा."

"आलं होतं. राहून गेलं."

"आसूं दे की," तो म्हणाला. त्याची गाडी लागली होती.

त्यानंतरची वर्षं सांगण्यासारखी नाहीत. दरवर्षी नववीच्या वर्गाला मी ही गोष्ट सांगत आलो. 'एका गावात एक बाई होती,' अशी. तिथंही नाव नाही. पर्यावरणाची जाडजाड पुस्तकं आता मुलांच्या दप्तरात असतात, मी ती अजून चाळतो. कुठल्या तरी पानावर एखादी बाई कळशी घेऊन उभी असेल असं उगाच वाटतं.

गेल्या महिन्यात पुस्तकं वाचनालयाला द्यायची म्हणून कपाट रिकामं करताना ती वही सापडली. तक्ता चार. समासात सरांची पेन्सिल, पुसट झालेली, पण वाचता येते. कोणाच्या?

मी मानसिंगला फोन लावला. नंबर मिळवायलाच दोन दिवस गेले.

"विष्णुपंत! आवं जित्तं हाय व्हय तुमी?"

"वहिनी कशा आहेत?"

"बऱ्या हायत की. कानानं कमी ऐकत्यात. दादा जाऊन नऊ वर्सं झाली."

पत्रातली ओळ आठवली: ह्यांना पत्रात लिहावयाचे आहे. ते आता लिहिता येणार नव्हतं.

"त्यांना वाचता येतं अजून?"

"चष्मा लावून पेपर वाचत्यात. का रं?"

"पत्र पाठवतोय. आणि विहीर आहे का रे?"

"हाय का म्हंजे? यिऊन बघ की गड्या," मानसिंग म्हणाला. "ऐतवारी येऊ नकोस म्हंजे झालं."

पत्र लिहायला मला तीन दिवस लागले. आधीची सहा पानं फाडली, कारण त्यात सगळं माझ्याबद्दलच होतं. शेवटी एवढंच ठेवलं:

'सौ.' लिहून खोडलं. मग, 'विजयमाला वहिनी यांस विष्णूचा नमस्कार. तुमचं जून १९७७ चं पत्र मिळालं. उत्तराला उशीर झाला, तो आळसानं नाही, भीतीनं. तुम्ही विचारलं होतं, पुस्तकात पायऱ्या आल्या का. आल्या. सगळ्यात चांगलं पान तेच आहे. नाव आहे का, तर नव्हतं. सरांनी विचारूनही मी लिहिलं नाही. रविवार विहिरीचा, हे तुमचं म्हणणंही मी माझं म्हणून लिहिलं. तुमच्या ह्यांना कळवता आलं असतं, ते माझ्यामुळे राहिलं. मामंजींना दोन ओळी लिहिल्या असत्या तर तुम्हाला पिठाच्या डब्यात हात घालावा लागला नसता. ते पान सोबत पाठवतो. नाव आता लिहिलं आहे. तिथंच, सरांच्या प्रश्नापुढे. आणखी एक विचारायचं आहे. अजून मोजता का? आज किती कोरड्या आहेत?'

वहीतलं ते पान मी पट्टी धरून कापलं आणि पत्रासोबत पाकिटात घातलं. प्रत काढून ठेवावी असं क्षणभर वाटलं, पण ठेवली नाही.

पोस्टात खिडकीवरच्या मुलीनं पाकीट वजन करून तिकीट लावायला दिलं. "स्पीडपोस्ट करा ना आजोबा. मोबाईलवर मेसेज येईल पोचल्याचा."

"साधंच असू दे. कधी पोचेल?"

"आज शनिवार. उद्या सुट्टी. सोमवारी नाहीतर मंगळवारी."

बाहेर येऊन मी लाल पेटीपाशी उभा राहिलो. पाकीट फटीत अर्धं घातलं. पत्ता पुन्हा वाचला, तालुका कोरेगाव, जिल्हा सातारा. मग हात सोडला आणि कान देऊन थांबलो. आत खाली कुठंतरी टप असा बारीक आवाज झाला.